दोरी फिरवणारा मुलगा आणि बारा शनिवारचा नाचाचा वर्ग

दहाव्या शनिवारी पाहुण्या बाईंनी माझ्या नातवाच्या हातात स्वतःहून दोरी दिली. कुणाला यात विशेष काही वाटणार नाही, पण आमच्या घरात 'दोरी' हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारला जायचा. नातू ९ वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, बोलतो अगदी मोजकं. बुटाची नाडी, पडद्याचा गोंडा, चार्जरची वायर, हाताला लागेल ते डोळ्याच्या कोपऱ्याजवळ धरून तासन्‌तास फिरवत राहतो. ते सुटावं म्हणून आम्ही पडदे बदलले, नाडीचे बूट बंद करून वेल्क्रोचे आणले, वायरी कपाटात ठेवल्या. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. कितीतरी मुलांना काय अडतंय ते त्यांच्या वहीकडे बघून मला कळायचं. या मुलाच्या बोटांना काय हवंय ते मात्र कळत नव्हतं.

म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी हा १२ शनिवारांचा वर्ग होता. दुसऱ्या देशांतल्या नर्तकांना बोलवायचं आणि त्यांचे नाच त्यांच्याकडूनच मुलांना शिकवायचे, अशी कल्पना. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण त्यावरून वर्गातली मुलं ओळखू येतील. माझ्या तक्रारी मी त्यांना समोर बसून सांगितल्या आहेत, त्या इथेही लिहिणार आहे.

वर्गाचे तीन भाग, प्रत्येकी ४ शनिवारांचे. आधी जपानचा बोन ओदोरी, मग इंडोनेशियातल्या आचे प्रांताचा 'सामान' नावाचा नाच, शेवटी न्यूझीलंडच्या माओरी लोकांची पोई. मुलं १४, वय ७ ते १५. काही स्वमग्न, काही डाऊन सिंड्रोम असलेली, दोघं सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरणारे, एक मुलगी ऐकू न येणारी. संस्थेच्या मुख्य शिक्षिका आणि तीन मदतनीस सगळ्या शनिवारी तेच होते, पाहुणे तेवढे बदलले.

नाव नोंदवताना मी एकच प्रश्न विचारला होता: ही थेरपी आहे का? मुख्य शिक्षिकेनं सरळ सांगितलं, "नाही आजी, हे शिक्षण आहे. नाच शिकवणार. मूल बरं होईल असं आम्ही म्हणत नाही." हे उत्तर मला फार आवडलं. नृत्यचिकित्सा हे वेगळं क्षेत्र आहे. अमेरिकेत तिची संघटना १९६६ साली स्थापन झाली, मॅरियन चेस तिच्या पहिल्या अध्यक्ष, आणि त्या कामाला स्वतंत्र प्रशिक्षण लागतं. जे आपण करत नाही ते करतो असं न सांगणं ही सचोटी आहे. शिवाय माझ्या नातवाच्या आयुष्यात प्रत्येक गोष्ट उपचार म्हणूनच येते. झोका तोल सुधारायला, माती बोटांना ताकद यायला, रंग एकाग्रतेसाठी. नुसता नाच म्हणून नाच त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

पहिला शनिवार वाया गेला. दिवसभराचा कार्यक्रम पालकांना लिहून पाठवला होता, पण मुलांसाठी चित्रांचं वेळापत्रक नव्हतं. ज्या मुलाला पुढे काय होणार हे डोळ्यांनी दिसावं लागतं, त्याला आईच्या फोनवरचा मजकूर काय कामाचा? त्यात हॉल रिकामा, आवाज घुमणारा. नातू ७ मिनिटं थांबला आणि कानांवर हात ठेवून दाराकडे गेला. मी त्याच दिवशी सांगितलं. पुढच्या शनिवारी भिंतीवर पाच चित्रं लागली होती: बूट काढायचे, गोलात उभं राहायचं, नाच, पाणी, निरोप. एक चित्र झालं की मुलानं स्वतः ते उलटं करायचं. कोपऱ्यात जाड चादरींचा आडोसा केला होता आणि तिथे कान झाकायचे हेडफोन ठेवले होते. सांगितलेलं एका आठवड्यात अमलात आणणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

जपानी ताईंना आमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. पहिल्या दिवशी दुभाषा प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत होता आणि त्या दोन आवाजांत मुलं गोंधळली. दुसऱ्या दिवसापासून ताईंनी बोलणंच सोडलं. आणि मग वर्गात जे घडलं त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. एरवी कुठेही गेलं तरी सगळ्यांना सगळं कळत असतं आणि माझा नातू एकटा न कळणारा असतो. इथे कुणालाच भाषा कळत नव्हती. मला नाही, मदतनिसांना नाही, ताईंना आमची नाही. सगळे जण एकमेकांच्या हातांकडे आणि पायांकडे बघून समजून घेत होते. बघून समजून घेणं हे तर तो जन्मापासून करतो आहे. त्या खोलीत सगळ्यांत जास्त सराव त्यालाच होता.

बोन ओदोरी हा जपानमध्ये पूर्वजांच्या स्मरणाच्या दिवसांत करतात. मधे उंच मचाण, भोवती लोकांचं रिंगण. तो असा वर्गात बसून शिकवत नाहीत, पुढच्या माणसाकडे बघत बघत येतो. ताईंनी 'टँको बुशी' घेतलं. हे क्युशू बेटावरच्या कोळशाच्या खाणींशी जोडलेलं गाणं, त्यामुळे हालचालीही खाणीतल्या. फावड्यानं कोळसा खणायचा, पोतं खांद्यावरून मागे टाकायचं, कपाळावर हात धरून चंद्राकडे वळून बघायचं, मग कोळशाची गाडी ढकलायची. एवढं झालं की पुन्हा पहिल्यापासून. तेच आवर्तन, कितीही वेळा.

आपण पुनरावृत्तीला कंटाळवाणी म्हणतो. या मुलांना तीच आधार देते. पुढची हालचाल कोणती हे आधीच ठाऊक असतं, चुकलं तरी तेच काम पुन्हा येणार असतं, आणि रिंगणातून बाहेर पडलं तरी कुठल्याही क्षणी परत शिरता येतं, कारण रिंगणाला पहिली जागा नाही आणि शेवटची जागा नाही. नातू दुसऱ्या शनिवारी बाहेरूनच खणत होता. तिसऱ्या शनिवारी दोन आवर्तनं आत, मग आडोशात, मग परत आत. कुणी त्याला ओढलं नाही, 'ये ये' म्हणून हाका मारल्या नाहीत.

व्हीलचेअरवरच्या मुलाचा प्रसंग लिहायलाच हवा. गाडी ढकलण्याची हालचाल आली तेव्हा ताई थांबल्या, त्याच्या खुर्चीजवळ बसल्या आणि तो चाकं कशी ढकलतो ते दोन-तीनदा नीट पाहिलं. खांदे पुढे, कोपरं मागून येतात, मग तळवे सोडायचे. त्यांनी सगळ्या वर्गाला तसंच ढकलायला सांगितलं. पायांवर चालणारी १२ मुलं त्याच्याकडे बघून कोळशाची गाडी ढकलायला शिकली. तो पुढे होता, बाकीचे मागे. त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.

ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी लाकडी जमीन होती आणि मोठा ढोल. ढोलाच्या कडेला तळवे टेकवून तिनं ठेका घेतला, मग अनवाणी पायांनी जमिनीतून. अशा वर्गाला जाणार असाल तर जमीन लाकडी आहे की फरशीची, हे आधी विचारा. फरशीतून थरथर तितकी पोचत नाही.

सामानचा भाग मात्र मनासारखा झाला नाही, आणि त्यात नाचाचा काही दोष नाही. सामान हा आचेमधल्या गायो लोकांचा नाच. युनेस्कोनं २०११ साली तातडीनं जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत तो घेतला. नर्तक गुडघ्यांवर, टाचांवर बसून खांद्याला खांदा लावून एक रांग करतात. टाळ्या, छातीवर थापा, मांड्यांवर थापा, धड या बाजूला, त्या बाजूला, वेग वाढत जातो. वाद्य नसतं, शरीर हेच वाद्य. रांगेचा म्होरक्या टोकाला नसतो, मधे बसतो. बसून करायचा नाच म्हणजे व्हीलचेअरवरच्या मुलांसाठी तो 'बदलून दिलेला' नाच नव्हे, मूळ नाचच बसण्याचा आहे. ही निवड उत्तम होती.

पण इंडोनेशियातले सर प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत आणि चारही शनिवार पडद्यावर झाले. आम्हाला हे फक्त दोन दिवस आधी कळवलं. व्हिडिओ कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. बोलताना चालतं, टाळीला चालत नाही. सरांची टाळी आणि मुलांची टाळी कधीच जुळली नाही. वर त्या अ‍ॅपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय सुरू होती, तिनं टाळ्यांनाच गोंगाट समजून कापून टाकलं. सरांना पलीकडे मुलांचे हात हलताना दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. दोन शनिवार असे गेल्यावर मी सुचवलं की सरांकडून आधी व्हिडिओ मागवून घ्या, इथल्या मदतनिसांनी ठेका धरावा, आणि सरांनी पडद्यावरून फक्त बघून दुरुस्त्या सांगाव्यात. तसं केल्यावर चौथ्या शनिवारी थोडं जमलं. चारपैकी तीन तास गेले ते गेलेच.

या भागातली एक गोष्ट मात्र मनापासून नोंदवते. मूळ नाचात मान जोरात वळवण्याच्या हालचाली आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो आणि अशा झटक्यांनी मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मुख्य शिक्षिकेनं नोंदणीच्या वेळीच डॉक्टरांची चिठ्ठी मागितली होती, आणि सामान सुरू होण्याआधी मानेच्या हालचाली सगळ्यांसाठीच काढून टाकल्या. फक्त त्या मुलांना वगळलं नाही. रांगेत खेटून बसणं ज्यांना सोसत नाही, त्यांना दोघांच्या मधे धरायला रुंद इलास्टिकचा पट्टा दिला. नातवानं पट्टा धरला. खांद्याला खांदा नाही, पण रांग तुटली नाही.

आणि मग पोई.

माओरी बाई वयानं माझ्या जवळपासच्या. आल्या त्या दिवशी त्यांनी नाच शिकवला नाही, ओळख करून दिली. त्यांच्याकडे ओळख सांगताना आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगतात. त्यांनी फोटो दाखवत ते सांगितलं आणि पुढच्या वेळी मुलांनी आपापली एक वस्तू आणावी, असं म्हणाल्या. कुणी चमचा आणला, कुणी बसचं खेळणं, कुणी आजोबांचा रुमाल. आम्ही घरी बसून नातवासाठी छानसं चित्रांचं पुस्तक निवडलं होतं. तो मात्र वडिलांच्या बुटाची तपकिरी नाडी घेऊन गाडीत बसला. ती काढून घ्यायला माझा हात पुढे गेला होता. पण वस्तू त्याची आणायची होती, माझी नाही. मी हात मागे घेतला.

वर्गात त्याची पाळी आली तेव्हा तो काही बोलला नाही, नाडी फिरवायला लागला. बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून पोई काढली. दोरीच्या टोकाला बांधलेला हलका चेंडू. पूर्वी तो पाणवनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा करत, आता फोम, प्लास्टिक आणि लोकरीचा करतात. त्यांनी ती मनगटावरून फिरवली, हाताच्या पाठीवर टपकन आपटवली आणि उलटी फिरवली. एकदा, दोनदा. मग दोरीचं टोक त्याच्यापुढे धरलं.

माओरी परंपरेत पोई मनगट लवचीक आणि मजबूत करायला वापरत आले आहेत. बायका गाण्याबरोबर ती फिरवतात. आखूड पोई असते, लांब पोई असते, लांब पोईची दोरी बोटांपासून खांद्यापर्यंत पोचते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की जी गोष्ट आम्ही घरात पाच वर्षं लपवत होतो, ती जगाच्या दुसऱ्या टोकाला लोक आपल्या लेकींना मन लावून शिकवतात. एका ठिकाणचा दोष हा दुसऱ्या ठिकाणचा रियाज असू शकतो. सांस्कृतिक देवाणघेवाण हा शब्द मी आजवर भाषणांतच ऐकला होता.

तिसऱ्या तासाला मुलांनी स्वतःच्या पोई बनवल्या. पिशवीत कागदाचा बोळा, त्यावर लोकर, दोरीची वेणी. वेणी घालताना बहुतेक मुलांना मदत लागली. नातवाला नाही. फिरवणं त्याला येतच होतं, अवघड होतं ते थांबवणं. पोईत ठेक्यावर चेंडू हातावर आपटून थांबवावा लागतो आणि मग दिशा बदलते. आपल्या लयीतून बाहेर येऊन दुसऱ्याच्या ठेक्यावर थांबायचं. पहिल्यांदा तो चिडला, पोई जमिनीवर टाकली. बाईंनी दुसरी दिली नाही, तीच उचलून दिली. तासाच्या शेवटी तो आठ मात्रांमधल्या आठव्या मात्रेवर थांबत होता. मी मोजत होते, म्हणून सांगते.

त्याची स्वतःची एक लकब आहे. दोरी तर्जनीभोवती गुंडाळू द्यायची, क्षणभर थांबायचं, आणि ती आपोआप उलटी सुटू द्यायची. बाईंनी ती पाहिली आणि त्याच्याकडे बघून खुणेनं विचारलं: मी करू? त्यानं मान हलवली नाही, पण हात पुढे केला आणि एकदा हळू करून दाखवलं. शेवटच्या नाचात ती हालचाल सगळ्या वर्गानं केली, बाईंनीही केली. शिकवणं दोन्ही बाजूंनी झालं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या ३० व्या कलमात म्हटलं आहे की दिव्यांग व्यक्तींच्या कलागुणांना वाव मिळायला हवा, आणि तो फक्त त्यांच्या भल्यासाठी नाही, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला त्या दिवशी समजला.

आता ज्यामुळे मी एक तारा कमी देते आहे ते. शेवटचा जाहीर कार्यक्रम. बारा आठवडे जे जपलं ते त्या एका संध्याकाळी विसरलं गेलं. मोठे ध्वनिवर्धक, लखलखणारे दिवे. ज्या वर्गात फिट येणारं मूल आहे तिथे असे दिवे लावणं धोक्याचं आहे, हे संस्थेला माहीत असायला हवं. मी विनंती केल्यावर दिवे बंद केले, पण ते मला सांगावं लागलं. तिन्ही नाचांसाठी एकच चकचकीत पोशाख शिवला होता, खांद्यांवर टोचणारी जर. तो ना जपानचा, ना आचेचा, ना माओरींचा. चार मुलांनी तो घातलाच नाही आणि त्यांना रांगेच्या मागे उभं केलं. माओरी बाईंना ते आवडलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणाची संस्कृती शिकायची तर तिचा पोशाख मनानं बनवायचा नसतो. तो साधा सुती शर्ट असता तरी चाललं असतं.

सूत्रसंचालक म्हणाले, "या बिचाऱ्या मुलांनी आपल्या व्यंगावर मात केली." मात कशावर? व्हीलचेअरवरच्या मुलानं खुर्चीवर मात केली नाही, खुर्चीनं नाच केला. १९९१ साली लंडनमध्ये 'कँडोको' ही नृत्यसंस्था सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी सेलेस्ट डँडेकर स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या नर्तकी, रंगमंचावर झालेल्या अपघातानंतर. दिव्यांग आणि दिव्यांग नसलेले नर्तक तिथे एकत्र नाचत आले. इतक्या वर्षांनंतरही निवेदनाला 'बिचारी' शब्द लागतो, याचं मला दुःख झालं. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नातवाचा फोटो संस्थेच्या जाहिरातीत दिसला, न विचारता. फोन केल्यावर तासाभरात काढला, माफीही मागितली. पण तुम्ही नाव नोंदवाल तेव्हा फोटोसंबंधी काय मान्य आणि काय नाही, ते लेखी देऊन ठेवा.

कुणाला हा वर्ग जमेल? ज्यांना तासभराची गर्दी अजिबात सोसत नाही त्या मुलांनी आधी एक शनिवार नुसतं दारातून बघावं. तशी मुभा आहे, मागावी लागते. पाहुणे प्रत्यक्ष येणार की पडद्यावर, हे ठरलेलं असेल तरच पैसे भरा. मदतनीस हात लावण्याआधी मुलाला विचारतात का, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. आमच्या वर्गात विचारत होते. आणि मूल जे घरून आणेल ते आणू द्या.

पुढच्या तुकडीत हवाई बेटांवरचा बसून करायचा हुला नाच आहे. शिक्षिका प्रत्यक्ष येणार असं लेखी मिळालं आहे, आणि शेवटचा कार्यक्रम हॉलमध्येच, दिव्यांशिवाय, फक्त घरच्यांसमोर होईल असंही कळवलंय. आम्ही नाव दिलं.

नातवाची पोई दाराच्या खिळ्याला टांगलेली असते. शाळेतून आला की आधी ती घेतो, आठ मात्रा फिरवतो, थांबतो, पुन्हा फिरवतो. मधेच कपाळावर हात धरून खिडकीकडे वळतो आणि चंद्र बघतो, दुपार असली तरी. गेल्या आठवड्यात त्याचे वेल्क्रोचे बूट फाटले. नवे आणलेत, नाडीचे.